टाकी कोरडी

फहाहीलच्या किनाऱ्यामागं, दुसऱ्या गल्लीत
अश्फाक परकारच्या सलूनमध्ये
टीव्हीचा आवाज कायम मोठा असतो.
दूरच्या कुठल्या सभागृहात
कोट घातलेले लोक एकमेकांना विचारतायत :
युद्धाची कारणं सांगितली
तेव्हा ती खरी वाटत होती,
की खरी वाटावीत असं आधीच ठरलं होतं?

माझ्या अर्ध्या गालावर फेस.
उरलेला अर्धा ऐकतोय.

शेजारच्या खुर्चीतले नबील, मिस्री, हिशेबनीस,
डोळे मिटूनच बोलतात,
'चूक आणि लबाडी, माझ्या वहीत दोन रकाने.
बेरीज मात्र खाली एकच येते.'

त्या मार्चात
आम्ही खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली होती,
न्हाणीघराच्या दाराखाली ओला टॉवेल.
खोलीत तिघं, कंपनीचे मुखवटे दोन.
भोंगा वाजला की कुणी कुणाकडे बघायचं नाही.
ज्या वायूला भ्यालो तो पुढं कुणालाच सापडला नाही,
भीती मात्र अस्सल होती.
काचेवर तिचा डिंक अजून आहे,
पाती घासली तरी निघत नाही.

सलूनचा परवाना ज्यांच्या नावावर, ते अबू मिशारी
दर गुरुवारी येतात, चहा घेतात, भाडं मोजत नाहीत.
नव्वद साली त्यांच्या धाकट्या भावाला
घरातून नेलं, पायात चपलासुद्धा घालू दिल्या नाहीत.
आज ते टीव्हीकडे बघून एवढंच म्हणाले,
'माझ्याकडे खरं कारण होतं.
ते मागायला कुणी आलं नाही.'

उम्म सिनान, मूळची बसऱ्याची,
सामूनची टोपली दारात टेकवते,
सुटे पैसे मागते.
पडद्यावर तिचाच पूल दाखवतायत.
ती नाणी मोजते, पुन्हा मोजते.

आणि मी?
मी शुऐबा बंदरात जहाजांच्या टाक्या मोजतो.
फीत खाली सोडायची, टोकाला लेप,
पाणी लागलं की लेप लाल होतो.
लेपाला कुणाचं मन राखायचं नसतं.

एका ऑगस्टात, चार नंबरच्या उजव्या टाकीचं झाकण
हात लावता येऊ नये इतकं तापलेलं.
कप्तानानं थंड लबनचा पेला पुढं केला
आणि नुसतं घड्याळाकडे पाहिलं.
खोटं लिही, असं कुणीही म्हणालं नाही.
मी लिहिलं : टाकी कोरडी.
खाली सही. माझी सही वळणदार आहे.

पुढच्या बंदरात माल पाण्यानं नासला.
चौकशीत मी म्हणालो,
त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीनुसार...
वाक्य आपसूक आलं, जिभेवर आधीपासून ठेवल्यासारखं.
जयसिरी नावाच्या पंपमनला घरी धाडलं.
खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात.
गोटा सुटतो, ते खरंच आहे;
कपाळ बहुतेकदा दुसऱ्याचं असतं.

म्हणून त्या सभागृहातला तो माणूस
पाण्याचा घोट घेऊन सुरू करतो,
'आम्हाला प्रामाणिकपणे वाटलं होतं,'
तेव्हा सगळं सलून हसतं
आणि मला हसता येत नाही.
मला माहीत आहे ते वाटणं.
झाकण उघडायच्या आधीचं.

अश्फाक मानेवरचे केस झटकतो,
मागून आरसा धरतो,
'बघा, बरोबर झालंय ना?'

मी न बघताच
मान डोलावली.