शून्यावर

डंडीच्या बस डेपोत, जिन्याखालच्या खोलीत
हरवलेल्या वस्तू राहतात.
बादलीत छत्र्या. दोन कवळ्या. बॅगपाइपची पिशवी, पाइप नाही.
आणि भिंतभर खिळ्यांना किल्ल्या.

त्यांची नोंद पीएचपीत आहे.
माझ्याआधी डूगल होता, तेरा वर्षं.
वस्तूचं अख्खं वर्णन हीच त्यानं तिची की केली:
रंग, बस, सीट, वार, सगळं एका दमात,
मध्ये अधोरेषांचे टाके.
ड्रायव्हर ते रात्री दीडला टाइप करत, हातमोज्यांसकट,
म्हणून निळ्याचं स्पेलिंग चार प्रकारांनी.

अ‍ॅरेला त्याचं काही नाही.
अख्खी की द्या, तो वस्तू देतो.
एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर ओळख दाखवत नाही,
सही जुळत नाही म्हणणाऱ्या बँकेसारखा.

पण खिडकीशी मोराग बसते,
आणि मोरागला कुणीच अख्खं सांगत नाही.
बावीस नंबर की तेवीस?
काहीतरी लाल होतं. लालसर.
(मला ती टेस म्हणते. तेजस्विनीतलं तिला तेवढंच झेपतं.
मी ओ देते.)

श्री. ऑक्टरलोनी मंगळवारी आले,
पुढच्या मंगळवारी, त्याच्या पुढच्याही.
टे नदीवरून आलेलं धुकं कोटावर तसंच घेऊन.
किल्ली. कसली? गोंडा आहे तिला.
आणखी काही? गोंडा आहे, म्हणाले.

मग मी लिहिलं:
सगळ्या की बाहेर काढ. एकेक हातात घे.
मोठी अक्षरं लहान कर.
आत कुठे गोंडा दिसतो का बघ, दिसला तर बाजूला ठेव.
तांदूळ निवडतात तसं. पाच ओळी.

अकरा टोप्या आल्या. टोपी_राखाडी_गोंडा, टोपी_हिरवी_गोंडा,
एक पडद्याची दोरी, कुणी बसमध्ये पडदा का नेला देव जाणे.
किल्ली नाही.
मोरागनं काचेआडून मान हलवली, म्हातारा गेला.

घरी पिठलं ढवळताना लक्षात आलं.

आहे का, असं मी विचारत होते;
स्ट्रपॉस सांगत होतं, कुठे आहे.
आणि त्याची मोजणी शून्यापासून.
त्या रात्रीच्या ड्रायव्हरला आधी गोंडाच दिसला असणार,
गोंडा_लाल_किल्लीला_बस२२,
अगदी पहिल्या जागी, उंबऱ्यावर.
उत्तर आलं: शून्य.
माझ्या जर-नं ते वाचलं: नाही.

काखेत कळसा.
शून्य आमचं म्हणून चारचौघांत मिरवणारी मी,
त्याच्या तोंडावर दार लावून बसले होते तीन आठवडे.
एक बरोबरचं चिन्ह वाढवलं. गॅस बंद केला.

चौथ्या मंगळवारी मोरागनं ती काउंटरवर ठेवली.
चपटी, गंजलेली, बागेतल्या शेडची असावी.
गोंडा मात्र हाताने केलेला,
एका बाजूला लोकर जरा जास्तच.

ऑक्टरलोनींनी चष्मा काढला.
दोऱ्याची गाठ नखाने उकलायला बराच वेळ लागला,
मागे रांग झाली, कुणी बोललं नाही.
गोंडा त्यांनी वरच्या खिशात टाकला
आणि किल्ली काचेखालून परत सरकवली.
हिचं दार पाडलं, म्हणाले. मार्चमध्ये.

ती आता खिळ्यावर आहे, नुसती.
नोंद बदलायला हवी. मोराग दोनदा म्हणाली.
मी हो म्हटलं.

अजून गोंडा शोधला की
टोप्यांच्या गर्दीत ती ओळ येते,
किल्लीला नसलेला गोंडा
पहिल्याच जागी,
शून्यावर.