मी म्हणजे तो

टोलेडो, ओहायो. काउंटी तुरुंगाचा तिसरा मजला.
खोलीला खिडकी नाही. टेबल बोल्टने जमिनीला आवळलेलं.
मला तासावर पैसे मिळतात, पार्किंगचे वेगळे.

दुभाषीचा पहिला नियम: समोरचा 'मी' म्हणाला
की आपणही 'मी' म्हणायचं.
'तो म्हणतोय की' असलं काही नाही.
म्हणून मार्चपासून अधूनमधून
मी श्रीरंग केळुसकर असते,
वय त्रेपन्न, मूळ वेंगुर्ल्याचे,
हायवेवरच्या मोटेलात कांदा चिरणारे.
इंग्रजीतल्या 'मी'ला बाई-पुरुष नसतो, तेवढी सोय.
त्या रात्री सुरी घेऊन पार्किंगमध्ये मीच उभी होते,
आणि भिंतीतली माणसं माझं मीठ चोरतात
हे पोलिसाला सांगितलं तेही मीच,
फोनवरून, माझ्या घरी, धुण्याच्या मशीनजवळ.

आज जुलै.
गुन्हा कबूल केला असता, तर एव्हाना सुटले असते,
असं ब्रूसार्ड बाई लिफ्टमध्ये म्हणाल्या.
आता त्या कोपऱ्यात बसल्यात. वकिलाने इथे
नुसतं बसायचं असतं.

डॉक्टर लिंडक्विस्ट सज्जन माणूस. पेन स्वस्तातलं.
आधीच सांगून टाकतात, सांगावंच लागतं:
मी तुमच्यावर उपचार करायला आलेलो नाही.
इथे बोलाल ते गुपित राहणार नाही, कोर्टात जाईल.
मी ते मराठीत वाढते, काही न सांडता.
केळुसकर मान हलवतात. आपली ती मान,
जी हो असते, नाही असते, आणि 'बघू' तर असतेच.
डॉक्टर लिहितात: संदिग्ध.

न्यायाधीश काय करतात?
'कागद बघतात. माझ्याकडे नाही बघत.'
वकील कोणाच्या बाजूने?
'बाई चांगल्या आहेत. दोनदा आल्या.'
काचेच्या घरात राहणाऱ्याने दगड मारू नयेत,
ह्याचा अर्थ काय?
केळुसकर विचार करतात. 'काच कशाला? कौलंपण फुटतात.'
माझ्या जिभेवर येतं: आपलं ठेवायचं झाकून
आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून.
एवढं म्हटलं असतं तर ते हसले असते,
अर्थ सांगून वर दोन उदाहरणं दिली असती गावातली.
पण पदरचं घालायचं नाही, हा दुसरा नियम.
गिळते.
डॉक्टर लिहितात: शब्दाला चिकटून विचार.

मग: त्या रात्री काय घडलं?

केळुसकर गप्प.

पुन्हा तोच प्रश्न, जरा हळू.
भिंतीत कुठेतरी पाइप ठोकल्यासारखा वाजतो
आणि आम्ही चौघंही भिंतीकडे बघतो.

गप्प. आता ह्याचं काय भाषांतर करू?
मला उलटं वाचता येतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत:
प्रतिसाद नाही. स्वतःचा बचाव करण्यास बहुधा असमर्थ.

पण मार्चमध्ये, मिठाचं सगळं सांगून झाल्यावर,
कोणाला तरी उशिरा आठवलं होतं, आणि त्याच फोनवर
मीच त्यांना वाचून दाखवलं होतं:
तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे.
'खरंच?' ते म्हणाले होते. 'किती दिवस?'
तेही मी इंग्रजीत सांगितलं. पोलीस हसला होता.

ते हसणं आठवून मी हात वर करते.
स्वतःच्या वतीने बोलायचं तर दुभाषीला
'मी' म्हणायची परवानगी नाही. तो शब्द त्यांच्याकडे आहे.
म्हणून म्हणते: दुभाषीला एक खुलासा करायचा आहे.
दुभाषीने ह्या गृहस्थांना एक हक्क वाचून दाखवला होता.
तो त्यांनी अजून जपून ठेवला असावा, असं दुभाषीला वाटतं.

ब्रूसार्ड बाई खुर्चीत पुढे सरकतात.
नियमाप्रमाणे हे सगळं मराठीतही सांगते,
केळुसकरांनाही कळायला हवं.
ते ऐकतात. पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघतात.

'बाई,' ते विचारतात, 'ही दुभाषी कोण?'

आणि हेही मला इंग्रजीत सांगावं लागतं,
पहिल्या नियमाने, माझ्याच तोंडून.
डॉक्टरांचं पेन कागदावर टेकतं.
कोणाच्या नावापुढे लिहायचं,
ते मला विचारतात.