उभं पडलेलं हाड

उलानबातरच्या गिरणीत मी गळे जोडते.
माणसांचे नव्हे, स्वेटरांचे.
शेळीच्या मऊ लोकरीचा एकेक टाका
यंत्राच्या एकेका दातावर चढवायचा,
एका गळ्याला एकशे बारा टाके,
दिवसाला साठ गळे.
गुणाकार मानेनं केलाय,
उत्तर दोन खांद्यांच्या मधोमध आलंय,
कोटाखाली झाकलं जातं म्हणून बरं.

एकोणीस वर्षांत मी होत गेले
दूध उतू जाईल म्हणून
पातेल्यात वाकून बघत राहिलेल्या बाईसारखी.
दूध नव्हतं.
पातेलंही नव्हतं.
बसमध्ये पोरं उठून जागा देतात,
वय विचारत नाहीत, पाठ बघतात.

हाडं बसवणारा म्हातारा गोंबोजाव
माझे मणके मोजतो,
संध्याकाळी मेंढरं मोजावीत तसे, बोट लावून, पुटपुटत.
"या दोघी एकमेकींना चिकटून झोपल्यात," म्हणतो,
"रोज थोडा वेळ जमिनीवर जात जा."
जमिनीवर जाऊन करू काय?
"ते मी कसं सांगू, दुलामसुरेन?
तुझं जमिनीवर शेवटचं काय काम होतं?"

घरी येईपर्यंत तेच डोक्यात.
उणे अठ्ठावीस, कोळशाचा धूर,
नाकातला श्वास मिशीसारखा गोठलेला,
आणि एकाएकी आठवलं.
काम नव्हतंच ते.

आईची थैली पेटीच्या तळाशी होती,
विजेच्या बिलांखाली.
मेंढीच्या घोट्याची त्रेचाळीस हाडं,
हात लागून लागून पिवळी, गुळगुळीत.
तेरगेल फोनमध्ये मान घालून बसलेला.
कुणी आईचं नाक घेतं, कुणी कपाळ,
माझ्या पोरानं अकराव्या वर्षीच मान घेतली.

"एक डाव," मी म्हटलं, "मग मला सहा गळे उसवायचेत."
चुलीवर चहाचं दूध ठेवलं
आणि सतरंजीवर हाडं उधळली.
घोडा, उंट, मेंढी, शेळी,
हाड ज्या कुशीवर पडेल ते जनावर.
घोड्यानं घोडाच टिपायचा,
वाटेतल्या शेळीला धक्का लागला की गेला डाव.
त्यासाठी पोटावर पडावं लागतं,
कोपर टेकावं लागतं,
एक डोळा मिटून
जगाच्या बुडाशी नजर लावावी लागते.
मी हरले. पुन्हा हरले.
तिसऱ्या डावात लबाडी केली, तेही पकडलं त्यानं.

मग एक हाड घरंगळत गेलं पेटीखाली.
मी सपाट पडले, गाल जमिनीला,
हात आत, खांद्यापर्यंत,
आणि पाठीत काहीतरी कड्कन बोललं.
दुखलं नाही.
झोपलेल्या दोघी उठल्या असाव्यात.

"काय दिसतंय?" तेरगेलनं विचारलं.
दिसत होतं हाड.
ना घोडा, ना उंट. टोकावर उभं.
असं दहा हजारांत एकदा पडतं, आई म्हणायची,
आई आकडे जरा वाढवूनच सांगायची.
तोही शेजारी आडवा झाला, डोकं घातलं आत.
"पेटीच्या पायाला टेकलंय. धरायचं नाही."
"उभं आहे ना?"
"टेकून उभं आहे."
"मग मी काय वेगळी उभी असते?"
यावर तो बराच वेळ विचार करत राहिला,
आणि दूध उतू गेलं.
चर्र झालं, जळका वास घरभर फिरला.
इतकी वर्षं ज्याची राखण केली
ते अखेर गेलं, आणि मी तिथंच पडून होते,
उताणी,
छताच्या अर्ध्या उघड्या खिडकीतला काळोख बघत.

सहा गळे तसेच राहिले.
दुसऱ्या दिवशी एकशे बारा टाके,
पुन्हा एकशे बारा,
मान पुन्हा आपल्या जागी, म्हणजे भलत्याच जागी.
पण जेवणाच्या सुट्टीत
मी एप्रनच्या खिशातून सात हाडं काढली.
खोक्यांचे पुठ्ठे पसरून आम्ही चौघी
पॅकिंगच्या खोलीत पालथ्या पडलो,
आणि अल्तानझुलचा उंट नेमका लागणार
तेवढ्यात दारात मुकादम.

कुणी उठलं नाही.
तो घड्याळाकडे बघत होता, मग हाडांकडे.
"हा उंट नाही," म्हणाला, "घोडा आहे."
"उंट आहे."
नीट बघायला तो खाली वाकला.
त्याच्या कमरेचा आवाज
आम्ही चौघींनीही ऐकला.