पोच

आमच्या रिवेरा गावाची सीमा म्हणजे एक रस्ता.
कुंपण नाही, नदी नाही, बंदूकवाला शिपाई नाही;
दुभाजकावर झाडं, आणि झाडांखाली
प्लास्टिकच्या चपला विकणाऱ्या बाया.
पलीकडच्या फुटपाथवर ब्राझील सुरू होतो.
कुत्री दोन्ही देशांत भुंकतात.

दोन्या एर्सिलियाच्या मुलाला ज्यानं भोसकलं
तो आमच्याच गल्लीतला.
त्या रात्री त्यानं रस्ता ओलांडला, बस्स.
आता तिकडे कलिंगडं विकतो.
ती इकडच्या बाकावरून त्याला पाहते.
ऊन बरोबर पडलं तर सुरीही दिसते.

त्याला मागणारा अर्ज मीच टाइप केला.
रिवेराहून तो माँतेविदेओला गेला, पाचशे किलोमीटर,
वरच्या कोर्टात, तिथून परराष्ट्र खात्यात,
मग शपथेवरच्या भाषांतराला
(आम्ही इथे दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतो),
मग ब्राझिलियाला, कुठल्या कुठल्या टेबलांवर,
मध्येच एकदा परत,
कारण सातव्या पानावरचा शिक्का पुसट.
चाळीस पावलांच्या रस्त्याला चौदा महिने.

पलीकडच्या कोर्टात दोर्वालिनो कारकून आहे.
वीस वर्षं रोज संध्याकाळी आम्ही दुभाजकावर बसतो,
एकाच तुंब्यातून, एकाच नळीनं
कडू माते पितो.
यापेक्षा मोठा करार मी फाइलीत पाहिलेला नाही.
मार्चमध्ये तो म्हणाला, "नेलिदा, वाट कसली बघतेस?
माझा मेहुणा पोलिसात आहे.
रात्री गाडीत घालू, तुमच्या फुटपाथवर उतरवू.
कोण विचारतंय?"
एर्सिलियाही तेच म्हणाली होती, माझं मनगट धरून.

मी तुंबा खाली ठेवला.

सत्याहत्तरच्या हिवाळ्यात माझा भाऊ एल्बिओ
तिकडच्या एका खानावळीच्या माळ्यावर लपला होता.
त्यानं काय केलं होतं? भिंतीवर काहीतरी लिहिलं होतं.
तेव्हा दोन्ही सरकारांचं काय गूळपीठ होतं!
अर्ज नाही, भाषांतर नाही,
पुसट शिक्क्याची कटकट नाही.
दिवे विझवून एक गाडी रस्ता ओलांडून आली.
अर्धं मिनिट लागलं असेल.
मग आई दोन्हीकडच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिली.
इकडचे म्हणाले, आम्ही मागितलाच नाही.
तिकडचे म्हणाले, आम्ही दिलाच नाही.
आणि कागदोपत्री
दोघंही खरं बोलत होते.

दोर्वालिनोला हे ठाऊक आहे.
तो विसरला नव्हता, नुसता कंटाळला होता.
त्यानं किटलीतलं गरम पाणी तुंब्यात ओतलं
आणि आधी माझ्याकडे केला.
मेहुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

कागद आला मे महिन्यातल्या एका गुरुवारी,
कोपरे मऊ पडलेला, अकरा शिक्क्यांचा.
मी ते मोजले.
भर दुपारी, चौकाच्या बरोब्बर मध्यावर,
त्याला आणलं. चपलावाल्या बायांनी जागा करून दिली.
डॉक्टरनं शर्ट काढायला लावला,
पाठ पाहिली, दात पाहिले, लिहिलं: इजा नाही.
त्यानं विचारलं, माझा वकील कोण?
त्याला नाव सांगितलं गेलं. दोनदा,
कारण पहिल्यांदा ट्रक जात होता.
एर्सिलिया बाकावरून उठली नाही.
नंतर म्हणाली, "फार उशीर केलात."
मी हो म्हटलं. खरंच होतं ते.

पोच मी लिहिली, दोन प्रतींत:
'मिळाला. जिवंत. बारा वाजून दहा मिनिटांनी.'
दोर्वालिनोनं सही केली; हल्ली त्याचा हात कापतो.

छापील नमुन्यात 'जिवंत' हा शब्द नसतो.
तो मी घालते, दर वेळी, शाईनं.
अजून कुणी खोडलेला नाही,
इकडच्या साहेबानं नाही,
तिकडच्याही नाही.