मधला गंधार

पेटी उघडली की आधी धूळ बोलते, मग सूर.
ही मात्र आधी खोकते.
पोरगा म्हणतो, आजोबा, मधला गंधार गेलाय,
नवा बसवा, मला विकायचीय.
मी म्हणतो, गेलेला नाही तो. पाठवलेला आहे.

यमू खांडेपारकर इंदुरात उतरली बेचाळीसच्या थंडीत,
नाटक मंडळीच्या सतरा ट्रंका, चार पडदे
आणि एक मालक यांच्यासोबत.
मालक तिसऱ्या प्रयोगानंतर रात्रीच्या गाडीने गेला.
पडदे सियागंजात गहाण पडले:
राजवाडा, अरण्य, नदीकाठ,
आणि रस्ता,
जो पुढे बरेच दिवस
मिरचीच्या पोत्यांवर अंथरलेला दिसायचा.
बाकीचे पांगले. ती राहिली.
का राहिली, हे तिने तिघांना तीन तऱ्हांनी सांगितलं.
मला चौथ्या.

महूच्या क्लबात शनिवारी बँड असायचा.
सेबास्त्यांव नावाचा गोव्याचा माणूस
ट्रंपेटच्या तोंडाला वाटी धरून असा वाजवी
की शेजारच्या खोलीत कुणी बाई रडते आहे
आणि मधेच तिला हसू येतं आहे.
ती म्हणाली, हे मला येतं.
पाचव्या अंकात मी हेच करते.

नकलेच्या वहीत, मागच्या पानांवर,
देवनागरीत इंग्रजी गाणी.
समासात अर्थ: तो गेला. पाऊस आहे. तो पुन्हा गेला.
निळा शालू, नथ काढलेली, पाय अनवाणी.
गोरे अधिकारी आधी हसले,
मग त्यांनी काटे-चमचे खाली ठेवले.
वन्समोअर कसा मागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.
तिने आपणच पहिली ओळ पुन्हा घेतली.

त्या साली गणपतीत नांदीला तिचं नाव नव्हतं.
चिटणिसांची चिठ्ठी घेऊन गेलेला पोरगा मी,
वय नऊ.
तिने हातावर साटोरी ठेवली, विचारलं, कुणाचा तू?
पेटीवाल्या अण्णांचा, म्हटल्यावर
चिठ्ठी न वाचताच चुलीत घातली
आणि पेटी उचलून माझ्या पुढे चालू लागली.

अण्णांना म्हणाली,
कोमल आणि शुद्ध यांच्या मधे एक गंधार आहे.
सेबास्त्यांव तिथे जाऊन उभा राहतो.
मला तुमची पेटी जाऊ देत नाही.
अण्णा म्हणाले, बाई, मधे नुसतं लाकूड असतं.
मग दिवस कलेपर्यंत ओसरीवर बसून
ती तो एकच सूर लावत राहिली.
सोळाव्यांदा अण्णांनी कानस उचलली,
पितळेची जीभ बुडाशी घासली.
किती, ते मलाही कधी सांगितलं नाही.
आईला एवढंच म्हणाले,
आज माझ्या हातून चुकीचं काम बरोबर झालं.

पुढे गोरे गेले. सेबास्त्यांव मुंबईला, सिनेमात.
एक कार्ड आलं, त्यावर पत्ता नव्हता.
रेडिओच्या अर्जात ‘गायनाचा प्रकार’ या रकान्यात
तिने लिहिलं: दोन्ही.
कारकुनाने ते खोडलं, वर काहीच लिहिलं नाही.
मग मालवा मिलच्या कामगारांच्या नाटकात
अंकांमधल्या वेळेला गायची,
मागे पडदा ओढणाऱ्यांची भांडणं.
अंगाखांद्यावर कापूस घेऊन रात्रपाळीवाले
दारातच उभे राहत, म्हणत,
बाई, ती निळी म्हणा.
कुठली निळी, हे तिने कधी विचारलं नाही.

पोरगा घड्याळ बघतो. त्याची ती पणजीची मावशी;
फोटो आहे म्हणतो, कुठेतरी.
मी भाता भरतो आणि बोट ठेवतो.
तो मान वर करतो, शेजारच्या खोलीकडे बघतो.
शेजारी खोली नाही, भिंत आहे, पलीकडे नाला.

बाकीच्या अडतीस सुरांचे पैसे घेईन, म्हणालो.
याला हात लावणार नाही.