दोनाला थोडे कमी

ट्रक सत्त्याण्णवचा. इंजिन ठणठणीत,
उणे तेविसातही दोनदा खाकरून उठतं.
बिघडलंय ते त्याच्या मागचं.
तिसऱ्यातून चौथ्यात जाताना
मध्येच कुणी हात सोडल्यासारखं होतं,
इंजिन ओरडत राहतं, चाकं मनावर घेत नाहीत.
मागे ट्रेलरमध्ये गुरं असली
तर तीही पुढे बघायला लागतात.

लोर्न फेडोरुककडून जॅक आणला.
"दुसरा का घेत नाहीस, डार्का?" तो म्हणाला.
दुसरा गिअरबॉक्स की दुसरा ट्रक,
त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पॅन उतरवला.
तेल लाल असायला हवं. हे तपकिरी,
तळाशी लागलेल्या दुधासारखा वास.
चुंबकावर राखाडी लोणी साचलेलं,
बोटांत चोळलं तर चमकतं:
चार लाख किलोमीटर, बारीक दळून.

पत्र्याच्या शेडमध्ये हीटर छाती भाजतो
आणि पाठीशी सस्कॅचवान असतं.
टेबलावर आईचं सूर्यफुलांचं मेणकापड,
त्यावर एकेक तबकडी, निघाली त्या क्रमाने.
अस्तरं कुठे गुळगुळीत, कुठे नुसतीच आठवण,
पोलादावर निळे डाग, तापून घसरल्याचे.

आणि पंपाच्या मागे, वॉशरखाली,
एक चकती, जी पुस्तकातल्या कुठल्याच चित्रात नाही.
पातळ. हाताने कापलेली. कडा कुरतडल्यासारखी.
उलटी केली तर
निळ्यावर अर्धं मेपलचं पान.
बियरचा डबा.

ओरेस्ट.
अकरा वर्षांपूर्वी तू म्हणालास, आतलं सगळं नवं भरलंय,
माझ्याकडून अठराशे डॉलर मोजून घेतलेस
आणि पुढच्याच आठवड्यात फोर्ट मॅकमरीला गेलास.
नाताळची कार्डं आली. दोन वर्षं.

चोर, मी म्हणाले, मोठ्याने.
ऐकायला फक्त मांजर होतं.
मग मायक्रोमीटर लावला.
वॉशर नि डबा मिळून
हवी तेवढीच जाडी. केसभर इकडे नाही, तिकडे नाही.
आता हे कुठल्या रकान्यात मांडायचं?

नव्या तबकड्या रात्रभर तेलात भिजवल्या.
सीलना व्हॅसलीन, नखं लागू न देता.
भोकातून हवा सोडली की आत क्लच
"थुप्" म्हणतो, दार हलकेच लागावं तसा.
जो म्हणत नाही तो पुन्हा उघडायचा.
एक म्हणाला नाही. पुन्हा उघडला.
रविवार त्यातच गेला.

पट्ट्याचा स्क्रू आधी पूर्ण आवळायचा,
मग सोडायचा: दोन फेऱ्यांना थोडे कमी.
वडील हे शिकवताना जास्त काही बोलत नसत.
सोडायचं कळलं की आवळायचं आपोआप कळतं,
एवढं एकदा म्हणाले होते, तेही सँडविच खाताना.

कन्व्हर्टर बसवताना तीनदा खट् व्हावं लागतं.
दोन झाले.
लोर्न म्हणाला, बोल्टने ओढून घे, बसेल.
नाही बसत. पंप फुटतो.
फिरवत राहिले, वजन पोटावर घेऊन,
हीटरमधलं डिझेल संपेपर्यंत.
तिसरा खट् मला हाडांत ऐकू आला.

चकतीचा फोटो तुला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.
रात्री दीडला उत्तर आलं:
"अजून टिकली होती?"
माफी नाही. नुसतं कुतूहल,
आणि (मी तुला ओळखते) थोडी मिजास.

सकाळी ग्रिड रोडवर नेला, रिकामाच.
पहिला, दुसरा. तिसरा.
चौथा कधी पडला ते कळलंच नाही,
फेडोरुकांच्या तळ्याजवळ काटा खाली दिसला तेव्हा कळलं.

तुला अजून उत्तर दिलेलं नाही.
चकती ॲशट्रेमध्ये आहे,
खडबडीत रस्त्याला वाजते.