पूर्णविरामाची कळ

रात्रपाळीला कीबोर्ड पुसायचं काम माझं.
कोण काय खेळतं, ते पडदा न बघता सांगते.
सतराव्या टेबलावर ए झिजलाय, आणि एक ते पाच आकडे:
स्टारक्राफ्ट. आमच्याकडे पोरांना
तो आधी येतो, पाढे मागून.
एकतिसाव्यावर एच गेलाय,
आणि खाली उजवीकडे, पूर्णविराम.
तिथं तोआन बसतो, साच्यांच्या कारखान्यातला,
मूळ हायफाँगचा. एज ऑफ एम्पायर्स.

डिसेंबरात आन्सानला पाणी नळातच गोठतं.
शिफ्ट सुटली की तो दोनला येतो,
रामेन मागवतो, अंडं वेगळं,
आणि तीन माणसं बोरं वेचायला धाडतो.
"मावशी," त्याचं कोरियन अजून तुटकच,
"तुमच्या खेळात भूक कुणाला लागत नाही?"

खरंय. आमच्यात नुसते स्फटिक, नुसता वायू.
त्याच्यात हरीण मारा, शेत पुन्हा पेरा,
आणि लाकूड. कशालाही लाकूड.
त्याचा डाव तासभर मंद आचेवर शिजतो,
माझा सहा मिनिटांत करपतो किंवा वाढून होतो.

नव्व्याण्णव साली मी राइस कुकर जिंकलाय.
थट्टा नाही. गल्लीची स्पर्धा, सोळा खेळाडू,
बाई मी एकटी. मिनिटाला तीनशे टिचक्या.
मनगट अजून मोजतं त्या, थंडीत.

एकदा मी त्याला माझं दाखवलं. झर्गचा कामकरी:
त्याला सांगायचं, इथं घर बांध.
तो बांधत नाही. तोच घर होतो.
वळवळतो, फुगतो,
पुन्हा माणसांच्या मोजणीत येत नाही.
तोआन बघत राहिला.
त्याच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं आहेत.
"हे खरं," एवढंच म्हणाला,
आणि रामेनचं उरलेलं पाणी प्यायला.

काळोख मात्र दोन्हीकडे सारखा.
पाहून आलेला मुलूख मागे धूसर होतो,
तोडलेली झाडंही उभीच दिसतात,
घर दिसतं शेवटचं पाहिलं तसं.
तो म्हणाला, आईच्या ओट्याला अजून
हिरवी सायकल टेकून आहे. सहा वर्षं झाली.
विकली का, ते मी विचारलं नाही.

काल विचारलं ते वेगळं:
पूर्णविराम कशाला एवढा झिजवतोस?
त्यानं दाबून दाखवला. पडदा उडी मारून गेला
कुंपणाकडेच्या एका गावकऱ्यापाशी.
उभा होता, हात मोकळे.
"रिकामा असला की सापडतो," तो म्हणाला.
"आमच्या फोरमनकडे पण आहे ही कळ."

माझ्या जुन्या खेळात तशी कळच नव्हती.
कामकरी स्फटिकांपाशी थांबला तर थांबला,
ना घंटा, ना बोट दाखवणारं कुणी.
लढाईच्या गडबडीत विसरून जायचे मी त्यांना.
कितीदा हरले त्यापायी.
तोआन हसला. त्याचे दात मी पहिल्यांदा पाहिले.
"मग मला हा शिकवा."

पावणेसहाला सतराव्या टेबलावर त्यानं
संगणकाविरुद्ध डाव मांडला.
सुरुवातीचे चार कामकरी.
काही सांगितलं नाही त्यांना. मागे टेकला, डोळे मिटले.
पडद्यावर ते चौघं नुसते उभे.
शत्रू यायला अजून चार-पाच मिनिटं होती.
माझा फडका एवर होता,
तो मी तसाच ठेवला.